कच्चा टाका

सुट्टीत लेकीला बॅले दाखवायचा, असं शिवणवालीने दरवर्षी कबूल केलं होतं आणि दरवर्षी टाळलं होतं. ती थिएटरच्या कपडेपटात कामाला होती. झगे हिने शिवायचे आणि टाळ्या भलत्यांनीच घ्यायच्या! घरी आली की खुर्चीतच तिचा डोळा लागायचा. लेक शहाणी, आईला कधी उठवायची नाही. अंगावर पांघरूण घालायची आणि आवाज न करता खेळत बसायची. त्या शहाणपणाचंच शिवणवालीला वाईट वाटायचं.

आज मात्र रजा काढून दोघी दुपारच्या खेळाला येऊन बसल्या होत्या. गोष्ट सगळ्यांना पाठ असलेलीच, चेटकिणीचा शाप, राजकन्येच्या बोटात सुई आणि शंभर वर्षांची झोप. पडदा वर गेला तशी लेकीने आईचा दंड घट्ट धरला.

छोटी राजकन्या पांढऱ्या झग्यात गिरक्या घेत आली. शिवणवालीचं लक्ष आधी झग्याकडे गेलं, सवयच ती. गळ्यापाशी लाल दोरा दिसत होता. पक्की शिवण झाली की कच्चा टाका उसवायचा असतो, तो घाईत राहून गेला होता.

ती खुर्चीत पुढे सरकली. कपडेपटाच्या थोरल्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जिचा झगा तिच्याच अंगावर कच्चा टाका घालायचा. दुसरीच्या अंगावर घातलास आणि दोरा तसाच राहिला, तर तिथे रंगमंचावर जे होईल ते त्या दुसरीला होईल." शिवणवाली तेव्हा तोंड दाबून हसली होती. थोरल्या बाई कात्रीशीसुद्धा बोलायच्या, त्यांचं काय मनावर घ्यायचं! आणि गेल्या आठवड्यात नाचणारी मुलगी तापाने फणफणली. झगा तर हवाच होता. लेक त्याच चणीची, म्हणून तिला घरी स्टुलावर उभं करून टाके घातले. गुदगुल्या होतात म्हणून लेक खिदळत होती.

चेटकिणीने सुई पुढे केली. छोटीने टोकाला बोट लावलं.

"आई गं," शेजारून लेक म्हणाली आणि तिने बोट तोंडात घातलं.

तिकडे छोटी डुलत डुलत खाली कोसळली. इकडे लेकीची मान आईच्या खांद्यावर पडली.

शिवणवालीने तिला गदागदा हलवलं, गालावर चापट्या मारल्या. मागच्या रांगेतले गृहस्थ "श्श, श्श" करू लागले. लेकीचा हात गार पडला होता. श्वास चालू होता, पण फार सावकाश. मग शिवणवालीच्या लक्षात आलं की पुढच्या अंकात राजपुत्र उठवतो ती मोठी नर्तकी, शंभर वर्षांनंतरची राजकन्या. हा छोटा झगा घालणारी मुलगी या खेळात पुन्हा उठतच नाही.

मध्यंतराचे दिवे लागताच ती लेकीला खुर्चीत टेकवून कपडेपटाकडे धावली. छोटी नर्तकी साध्या कपड्यांत बसून बिस्किट खात होती, अगदी ठणठणीत. झगा खुंटीला होता. थोरल्या बाई त्याच्यासमोर उभ्या होत्या.

"कुणाच्या अंगावर घातलास?"

"माझ्या लेकीच्या."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दोरा काढलास की उठेल ती. पण नुसता काढून फेकता येत नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर घालावा लागतो."

शिवणवालीने बिस्किट खाणाऱ्या मुलीकडे एक क्षण पाहिलं, खोटं कशाला सांगा. मग तिने मान फिरवली, दोरा ओढून सुईत ओवला आणि स्वतःच्या बाहीत टाका घातला. कामाचा हात होता, टाका सरळ पडला.

परतली तेव्हा लेक ताठ बसून वाट बघत होती. "कुठे गेली होतीस? मला झोपच लागली बघ!"

शिवणवालीने तिला इतकं कवटाळलं की ती "पुरे गं" म्हणाली. दिवे मालवले. शिवणवालीची जीभ जड होत होती.

"ऐक, मी झोपले ना, तर..."

"माहितेय मला," लेक म्हणाली आणि तिने आईचा हात थोपटला.

राजपुत्र आला, राजकन्या उठली, टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रेक्षक बाहेर पडले. झाडूवाला रांगा झाडत झाडत जवळ आला.

"बाळ, आईला उठव. बंद करायचंय."

लेकीने अंगातला कोट काढून आईवर पसरला होता. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना काका. फार दमते ती. तिची झोप होईपर्यंत मी बसते इथे."