मागच्या खोलीतली कॅप

मी एक कॅप बोलतेय. डोक्यावरची नव्हे, दातावरची. मोताळ्याच्या पुष्पांजलीच्या तोंडात, वरच्या ओळीत, समोरच्या दोन दातांपैकी उजव्या दातावर माझा मुक्काम आहे. ‘बोलतेय’ म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हटलं. प्रत्यक्षात बोलते ती पुष्पांजली. मी फक्त वाटेत उभी असते. वाटेत उभं राहून माणूस किती अडथळा करू शकतो, हे तिच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

पुष्पांजलीचा धंदाच बोलण्याचा. एम.ए. झाल्यावर ती कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करू लागली. सत्कार, उद्घाटनं, मेळावे, साखरपुडे. गेल्या हिवाळ्यात एका मंडपामागे जनरेटरच्या वायरीत तिचा पाय अडकला आणि ती तोंडावर पडली. अर्धा दात तिथेच राहिला. कार्यक्रम तिने तरीही पूर्ण केला, ओठांवर रुमाल धरून. लोकांना वाटलं, ती भावुक झाली आहे. दोघांतिघांनी डोळे पुसले.

माझ्या आधी या जागेवर दुसरी कॅप होती. तिची हकिकत सांगितल्याशिवाय माझी सांगता येत नाही.

घरात मोठे म्हणजे उत्तमराव, पुष्पांजलीचे काका. मलकापूरच्या एका जिनिंगवर कापूस पाहून त्याची प्रत ठरवायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. मूठभर कापूस उपसायचा, उजेडात धरायचा आणि ‘एक नंबर’ किंवा ‘कवडी’ म्हणायचं. कवडी म्हणजे डागी, पिवळट माल. पुतणीचा दात बसवायचा ठरला तेव्हा तेच सोबत गेले. त्या दवाखान्यातल्या वयस्कर डॉक्टरांनी रंगांच्या नमुन्यांची पट्टी काढली आणि पुष्पांजलीसमोर न धरता काकांसमोर धरली. मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना पोरीला विचारायची आपल्याकडे रीत नाही. दात पोरीचा असला तरी.

काकांनी पट्टी खिडकीपाशी नेली, कापूस पाहावा तशी फिरवून पाहिली आणि सगळ्यांत पांढऱ्या नमुन्यावर बोट ठेवलं.

“हा घ्या. एक नंबर माल.”

दाताचा साचा डबीत भरून कुरिअरने दूरच्या शहरातल्या लॅबमध्ये गेला. सोबत रंगाचा नंबर. तिथल्या कारागिराला मी दोष देत नाही. त्याने साचा पाहिला, नंबर पाहिला. पुष्पांजली पाहिली नाही. ती बोलते कशी, हसते कशी, हे डबीत भरता येत नाही. बऱ्याच दिवसांनी कॅप आली. तिला मी थोरली म्हणते.

थोरली ट्यूबलाइटसारखी होती. पुष्पांजलीचे दात निरोगी आहेत, पण पांढरेशुभ्र नाहीत. लहानपणी मामाच्या गावी बोअरचं पाणी पिऊन त्यांच्यावर फिकट पिवळी झाक आणि बारीक दुधी रेघा आल्यात. त्यांच्यामध्ये थोरली, बाकी घर झोपलेलं असताना एकाच खोलीत दिवा चालू राहावा तशी दिसायची. शिवाय ती केसभर लांब होती. ‘व’ आणि ‘फ’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला अलगद टेकते. थोरली आधीच टेकून बसायची आणि बाजूच्या फटीतून हवा शिट्टी मारत निघायची. सूत्रसंचालन करणाऱ्या माणसाला दिवसातून दहादा म्हणावं लागतं, ‘व्यासपीठावर विराजमान’.

डॉक्टर म्हणाले, सवय होईल. काका म्हणाले, सवय होते. घरातले बाकीचेही तेच म्हणाले. थोरल्या माणसांकडे हे एकच औषध असतं आणि ते पंख्याच्या आवाजापासून सासरपर्यंत सगळ्यावर देतात.

सवय काही झाली नाही. मग इंद्रभान यांचा फोन आला. कापूस व्यापाऱ्यांचा वार्षिक मेळावा तेच भरवतात आणि त्याचं सूत्रसंचालन पुष्पांजलीकडे होतं.

“ताई, वाईट नका वाटून घेऊ,” ते म्हणाले. “पण मागच्या कार्यक्रमात माईकमधून शिट्टी येऊन राह्यली होती. मी साउंडवाल्याले बोल बोल बोललो. त्याची काही चूकच नव्हती.”

“रविवारपर्यंत ठीक होईल, भाऊ.”

“झालं तं तुम्हीच. पण मी दुसरी एक पोरगी समोर बसवून ठेवतो. तुमच्यानं नाही झालं, का तिले माईक देतो.”

फोन स्पीकरवर होता. घरात फोन स्पीकरवरच असतो, म्हणजे मोठ्यांना पुन्हा विचारावं लागत नाही.

“मी म्हनतच होतो,” काका म्हणाले. “रामरावच्या पतसंस्थेत जागा हाय. टेबल-खुर्ची, पंखा. तोंड उघडाचं कामच नाही.”

“मंग मी काऊन जाऊ तिथं?”

“रविवारी शिट्टी वाजली, का सोमवारपासून पतसंस्था. ठरलं.”

“कोनं ठरवलं?”

“म्या.”

शुक्रवारी सकाळी ती मलकापूरला दुसऱ्या डॉक्टरांकडे निघाली. तिला एकटीला जायचं होतं. काकांनी गाडी काढली.

डॉ. मंजुश्री यांचा दवाखाना लहान आहे. पुढे तपासायची खुर्ची, मागे एक खोली. त्या खोलीत औषधांचं दुकान टाक, असं त्यांना वडिलांनी सांगितलं, सासऱ्यांनी सांगितलं, दोघांच्या मित्रांनी सांगितलं. त्यांनी तिथे दात तयार करायची लॅब टाकली. मोठ्यांचं ऐकलं असतं तर आज मी नसते. हे वाक्य मी फार विचार करून म्हणतेय.

डॉक्टरांनी तोंड पाहिलं आणि कशालाही हात लावायच्या आधी मागच्या खोलीकडे हाक मारली. “धम्मरत्न, आधी रंग बघून घे. नंतर दात कोरडे होतील, उगाच पांढरे दिसतील.”

धम्मरत्न म्हणजे लॅबचे तंत्रज्ञ. ॲप्रन लावलेले, बोटांना पांढरी पावडर. त्यांनी पुष्पांजलीला उठवून दाराच्या उजेडात उभं केलं.

“काही बोला.”

“काय बोलू?”

“रोज काय बोलता ते. मला दात बोलताना पाहायचे आहेत.”

“पट्टी इकडे आना,” मागून काका म्हणाले. “रंग मी सांगतो.”

“काका, दात त्यांचा आहे,” डॉक्टर म्हणाल्या.

“पोरगी आमची हाय.” काकांनी पट्टी घेतलीसुद्धा. अंगठा पुन्हा त्याच पांढऱ्या नमुन्याकडे सरकत होता.

पुष्पांजली वळली. आता ती भांडणार, असं सगळ्यांना वाटलं. तिने आवाज उलट खाली आणला.

“काका, एक सांगा. कापसाच्या गाठीत एकाच जागी अलग कापूस निंघाला, तं काय करता?”

“काय करता म्हंजे? अख्खी गाठ बाजूले.”

“आन् तो अलग कापूस बाकीच्याहून चांगला असला तं?”

काकांनी हवेतच चिमूट चोळून पाहिली. धंद्याच्या बाबतीत ते खोटं बोलत नाहीत.

“तरी बाजूले. मिसळ माल चालत नाही.”

“मंग माह्या तोंडात मिसळ माल काऊन भरला?”

डॉक्टरांनी मास्क नाकावर ओढला. धम्मरत्न यांनी छताकडे पाहिलं. काकांनी हातातली पट्टी उलटीसुलटी केली आणि बाकावर ठेवून दिली.

“करा तिच्या मनासारखं,” ते म्हणाले. “पिवळा दात बसवाले गाडीत पेट्रोल टाकून आनलं मी हिले. हेबी लिहून ठेवा कुठं.”

थोरलीला काढलं. ती तुकड्यांनी निघाली. शेवटपर्यंत पांढरी होती.

मग माझा जन्म झाला. कॅमेऱ्यासारखी एक दांडी पुष्पांजलीच्या दातांवरून फिरली, दाताचं चित्र मागच्या खोलीतल्या पडद्यावर उमटलं आणि एका यंत्राने चकतीतून मला कोरून काढलं. तेव्हा मी आताच्यापेक्षा मोठी आणि खडूसारखी ठिसूळ होते. भट्टीत गेले आणि आक्रसून घट्ट झाले. माणसं वय वाढलं की फुगत जातात. आमच्यात तसं नाही.

भट्टीतून निघाल्यावर धम्मरत्न माझ्यावर बारीक कुंचल्याने रंग भरू लागले. मुळाशी पिवळट झाक, मध्ये दुधी रेघ. एक रेघ ओढायची, दार उघडून पुष्पांजलीचे दात पाहून यायचे, पुन्हा दुसरी ओढायची. एवढंच त्या लॅबचं कौतुक. मी भिंतीच्या या बाजूला, ती त्या बाजूला, मध्ये एक दार. शंका आली की माणूस उठून पाहून येतो. थोरलीच्या वेळी एवढ्याच शंकेला कुरिअर लागलं असतं, म्हणून कोणी शंकाच घेतली नाही.

दुपारी मला तात्पुरतं बसवलं.

“म्हणा,” डॉक्टर म्हणाल्या.

“व्यासपीठावर विराजमान.”

शिट्टी होती. बारीक, पण होती. पुष्पांजलीचा चेहरा उतरला.  पतसंस्थेचा पंखा तिला दिसू लागला असावा.

“आहे अजून,” दारातून धम्मरत्न म्हणाले. ते ऐकत उभे होते. मला आत नेलं, माझी कड किंचित घासली, पुन्हा आणलं. पुन्हा व्यासपीठ, पुन्हा विराजमान. पुन्हा आत. मी इतक्या फेऱ्या मारल्या, की दाराची करकर मला ओळखीची झाली.

काका बाकावर बसून होते. हिरड्यांच्या रोगांची सगळी पत्रकं त्यांनी वाचली, दोनदा चहा घेतला, एकदा डुलकी काढली. जागे झाले ते थेट बोलतच.

“सन्माननीय राहून गेलं.”

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“विराजमान असलेले सन्माननीय, असं म्हन. मेळाव्यात मानाचे लोक राह्यते. नुसतं विराजमान म्हनशीन तं उठून जातीन.”

“विराजमान असलेले सन्माननीय,” पुष्पांजली म्हणाली.

“आता नावं घे. महादेवराव.”

“महादेवराव.”

“रामराव.”

“रामराव.” शिट्टी अगदी शेवटाला, सुईच्या टोकाएवढी. धम्मरत्न यांनी मला पुन्हा नेलं, कडेवरून एक हलका हात फिरवला आणि परत आणून ठेवलं. आपल्याकडे व्यासपीठावर बसणारा प्रत्येक जण राव असतो. शिट्टी लपवायला जागा नसते.

“आता उत्तमराव म्हन,” काका म्हणाले.

 पुतणीने काकांचं नाव घ्यायचं नसतं. पुष्पांजली जन्मल्यापासून त्या घरात होती आणि ते नाव तिच्या तोंडून एकदाही निघालेलं नव्हतं. तिने काकांकडे सरळ पाहिलं.

“उत्तमराव.”

मी ओठाला टेकले आणि सुटले. हवा आपल्या वाटेने गेली. कुठेही काही वाजलं नाही.

काका बाकावर सरसावून बसले. “आखीन एकदा.”

“उत्तमराव.”

“थोडं जोरात. मागच्या खुर्च्यायले ऐकू गेलं पाह्यजे.”

संध्याकाळी मला चकाकी देऊन पक्कं बसवलं. आरशात पुष्पांजलीने मला शोधलं, सापडले नाही तेव्हा जिभेने चाचपून पाहिलं. हसली नाही. घरी जाईपर्यंत गाडीच्या काचेकडे तोंड करून पुटपुटत होती. वरवंटा, फवारणी, वावर, फेटा.

रविवारी इंद्रभान यांनी दुसऱ्या मुलीला खरंच पहिल्या रांगेत बसवलं होतं. तिच्या मांडीवर कार्यक्रमपत्रिका होती आणि ती ओठ हलवून पाठ करत होती. पुष्पांजलीने माईक घेतला.  व्यासपीठावर विराजमान असलेले सन्माननीय झाले. मग राव सुरू झाले. एक झाला की दुसरा. मी टेकत होते, सुटत होते. रावांच्या मध्यावर कुठेतरी दुसऱ्या मुलीने पत्रिकेची घडी घातली आणि नाश्त्याकडे निघून गेली. इंद्रभान यांनी तिला थांबवलं नाही. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या धंद्यात यालाच यश म्हणतात.

मधल्या सुट्टीत रामराव काकांपाशी आले. “उत्तमराव, सोमवारी पाठवता ना पोरीले? टेबल पुसून ठेवला.”

“दुसरं पाह्य कोनी,” काका म्हणाले. “हिचा आवाज बंद ठेवनं परवडत नाही आपल्याले.” हा निर्णयही त्यांनीच घेतला, तिला न विचारता. या वेळी पुष्पांजलीने हरकत घेतली नाही.

“पन हिचा दात तुटला होता म्हने,” रामराव म्हणाले. “कोनता बसवला?”

“इकडे ये वं पोरी. दाखव.”

पुष्पांजलीने ओठ वर केला. काकांनी तिची हनुवटी धरून तिला मंडपाच्या कडेला, उजेडात नेलं. डोळे बारीक केले. वेळ घेतला. आणि मग ठामपणे बोट ठेवलं, माझ्या शेजारच्या डाव्या दातावर. तो तिचा जन्माचा दात आहे.

“हा पाह्य. कितीबी केलं तरी बसवलेला दात कळून येते.”

“हो ना,” रामराव वाकून म्हणाले. “अलगच दिसते.”

 बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण पुष्पांजलीने ओठ मिटला. डावा दात तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

सध्या मी मजेत आहे. एवढंच मागणं आहे, की माझ्याने सुपारी फोडू नका आणि रिळाचा दोरा तोडू नका. मी दिसायला दात असले तरी मला दुखत नाही, त्यामुळे मी ओरडून सांगणार नाही, एकदम तुटेन. आता मला जायला हवं. इंद्रभान खुणा करताहेत, आभारप्रदर्शन राहिलंय आणि ते तिचं काम आहे. वीसेक राव अजून बाकी आहेत.