सरावाची म्हातारी

शिंप्याच्या झोळ्यांना नावं ठेवायला जागा नव्हती. जाड कॅनव्हास, दुहेरी शिवण, दोन्ही बाजूंना धरायला मुठी आणि पोटावर बांधायला पट्टा. नदीला पूर आला की ज्यांना चालता येत नाही त्यांना चौघांनी झोळीत घालून टेकडीवरच्या शाळेत न्यायचं, ही कल्पनाही त्याचीच. गेल्या पुरात दोन माणसं अंथरुणातच बुडाली, तेव्हापासून तो हात धुऊन या कामाच्या मागे लागला होता. घरोघरी फिरून त्यानं अकरा जणांची यादी केली आणि प्रत्येकापुढे उचलणाऱ्यांची नावं लिहिली.

त्याच्या आईचे गुडघे कधीच गेले होते. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, एवढीच तिची धाव. पण यादीत ती नव्हती.

"आईंचं नाव कुठाय?" बायकोनं विचारलं होतं.

"आपलं माणूस आपण बघू की. यादी करणाऱ्यानं आधी स्वतःचीच आई घुसवली, असं म्हणायला लोक टपलेलेच आहेत."

"लोकांचं काय घेऊन बसलात! शेवटी लिहा, पण लिहा."

"लिहितो गं." लिहिलं नाही. कसली ही मेली भीड!

आणि झोळीच्या सरावाला मात्र दर वेळी आईच. आजारी माणसांना उगाच कशाला हलवायचं, म्हणून हिलाच झोळीत घालायची. उचलणाऱ्यांतला न्हावी दारातून ओरडायचा, "तयार का, काकू?" आतून ठरलेलं उत्तर, "तयारच आहे!" मग पट्टा बांधून तिची स्वारी निघायची. "हळू रे मेल्यांनो! लग्नातसुद्धा एवढी मिरवले नव्हते मी." गल्लीतल्या प्रत्येकानं तिला एकदा तरी उचललं होतं.

पाणी आलं ते सकाळी दहाला. पुराचा भोंगा वाजला तेव्हा बायको नदीपलीकडे कारखान्यात होती, आणि ठरल्याप्रमाणे पूल लगेच बंद झाला. शिंपी दुकानात होता. त्याच्या वाटणीला आलेले म्हातारे मास्तर पार खालच्या गल्लीत राहायचे. आधी मास्तर, मग आई. पाणी आपल्या गल्लीत चढायला दोन तास लागतात, असं त्यानंच सगळ्यांना पढवलं होतं.

चढावर मास्तरांनी झोळीतून मान उचलली. "तुझ्या आईला कोण आणतंय रे?"

"मी जातोच आता," तो म्हणाला. त्यानं पावलं झपाझप उचलली.

मास्तरांना शाळेत टेकवून तो उलट पावली धावत सुटला. वाटेत न्हावी भेटला, शेजारच्या आजींना घेऊन वर चढत होता.

"आई?"

"तू नेली नाहीस?" न्हाव्याचा चेहरा उतरला. "दोनदा गेलो तुझ्या दारावरून. यादीत नव्हत्या, म्हटलं तू कधीच हलवलं असशील!"

दोन तास कसले, तासाभरात गल्लीत छातीइतकं पाणी भरलं होतं. ओढ अशी की दोघांनी त्याला कमरेला धरून मागे खेचलं. तो गुरासारखा ओरडत होता.

पाणी तिसऱ्या दिवशी ओसरलं. आई घरातच सापडली. अंगाखाली नमुन्याची जुनी झोळी होती, पोटावर पट्टा आवळलेला, औषधांची पिशवी गळ्यात अडकवलेली. भोंगा ऐकून तिनं शिकवलेलं सगळं केलं होतं.

पुढच्या आठवड्यात कचेरीतले साहेब आले. "अकराच्या अकरा सुखरूप! असं काम कुठल्याच वस्तीत झालं नाही. बाकीच्यांसाठीही झोळ्या शिवून द्याल ना?" शिंप्यानं मान हलवली. नाही म्हणायलासुद्धा अंगात बळ लागतं.

त्यानं पहिली झोळी शिवली. वजन घेते का बघायला नेहमीचे चौघे आले. बायकोनं ती जमिनीवर पसरली, शिवणीवरून हात फिरवला आणि बाजूला सरली. न्हाव्यानं मूठ धरली आणि सवयीनं आतल्या खोलीकडे मान वळवली.

"तयार का, काकू?"

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. चौघांपैकी कुणाचीच मान वर होईना.

"तयारच होती रे ती," शिंपी म्हणाला, आणि मशीनवर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागला.