रास्पबेरीच्या ओळी

"बूट इथेच काढा काका, आमच्या मातीला चामडं सोसत नाही," शेताची नवी मालकीण तेओदोरा हसून म्हणाली.

रादोयको वाकला. सत्तरीच्या गुडघ्यांनी कुरकुर केली, तशी त्याची मुलगी स्लाविका खाली बसली आणि तिनेच त्याच्या नाड्या सोडल्या. सहा वर्षांपूर्वी त्याने हे शेत दलालामार्फत विकून टाकलं होतं. आता इथे शहरातली माणसं विसाव्याला यायची, सेंद्रिय भाजी खायची, पहाटे माळावर डोळे मिटून बसायची. वाढदिवसाची भेट म्हणून तीन दिवसांचा मुक्काम स्लाविकानेच ठरवला होता. आईच्या मातीनंतर ती बापाशी धड बोललेली नव्हती; म्हणून तो काही न विचारता आला.

आठ-दहा पाहुणे अनवाणी चालू लागले. रादोयकोच्या तळव्यांना उतार आपोआप कळत होता.

रास्पबेरीच्या पहिल्या ओळीपाशी तेओदोरा थांबली. तिने मूठभर माती उचलली.

"आम्ही आलो तेव्हा यात एक गांडूळ नव्हतं. आधीचा मालक आठवड्याला किडीचं औषध फवारायचा. तोंडाला फडकंसुद्धा बांधायचा नाही. त्याचे ते कपडे बायको उघड्या हातांनी धुवायची."

"अरेरे," एक बाई म्हणाली.

"पुढे तिला खोकल्यातून रक्त पडायला लागलं. तर नवरा काय म्हणाला ठाऊक आहे? 'तोडणी उरकू दे, मग डॉक्टरकडे जाऊ.'"

रादोयकोने झुडपांच्या आधाराच्या तारेला हात लावला. ते वाक्य तो स्वयंपाकघरात बोलला होता, सूप पिता पिता, मान वरसुद्धा न करता. तेव्हा तिथे तीनच माणसं होती. त्यातली त्याची बायको मिलुंका आता टेकडीवरच्या दफनभूमीत होती.

"मग? नेलं का तिला?" त्या बाईने विचारलं.

"नेलं ना. तोडणी उरकल्यावर."

एक टकला पाहुणा फिस्कारला. "असल्या माणसाला त्याचंच औषध पाजायला हवं! काय काका?"

सगळे हसले. रादोयकोही हसला. हसू ओठांवरून उतरेपर्यंत घोळका पुढच्या ओळीत गेला होता.

स्लाविका मागे थांबली होती. पिकलेली फळं निवडून निवडून तोडत होती.

"तू सांगितलंस यांना?"

"मागच्या वर्षी मी आले होते इथे. त्यांनी विचारलं, या जमिनीची काही हकीकत आहे का."

"मी कोण, ते ठाऊक आहे त्यांना?"

"नाही. तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा."

तो हळूच म्हणाला, "त्या वर्षी पाऊस तोंडावर होता, पोरी. माल झुडपांवरच सडला असता."

"आईपण हेच म्हणायची. तुमच्या बाजूने."

तिने त्याचा हात धरून तळवा उघडला आणि फळं त्यात ठेवली. ती अजून उन्हाने कोमट होती.

"चल, घरी जाऊ," तो म्हणाला. "मला बरं वाटत नाहीये."

स्लाविकाने त्याच्या कोटाची कॉलर नीट केली, लहान मुलाची करावी तशी.

"मुक्काम उरकू दे, बाबा," ती म्हणाली. "मग जाऊ."