कडीचा डबा

"अर्धं-अर्धं" हा शब्द नागाबाईच्या कानात गोमाशीसारखा शिरला, तो हदगावपासून इस्लापूरपर्यंत बाहेर निघेना.

सहस्रकुंडाचा धबधबा बघायला दोन घरं एकाच जीपमध्ये निघाली होती. एक नागाबाईचं, दुसरं तिच्या व्यंकटच्या ऑफिसातल्या वीरेशचं. वीरेशची आई सिद्धम्मा त्यासाठी खास उदगीरहून आलेली. पोरांनी परस्पर ठरवलं होतं: जेवण हॉटेलात, बिल अर्धं-अर्धं, हिशेब मोबाईल करणार.

"पाहुणी माझ्या मुलखात येणार आन् अर्ध्या बिलात जेवणार?" नागाबाईनं व्यंकटला घरीच झाडलं होतं. "उदगीरभर सांगंल ना ती, नागाबाईनं भाकरीचे पैसे घेतले म्हून!"

म्हणून तिनं पहाटेच दोन्ही घरांना पुरतील एवढे धपाटे थापले, मोठा कडीचा डबा भरून दही घेतलं आणि सगळं सीटखाली दडवलं.

धबधब्याजवळ झाडाखाली तिनं ऐटीत धपाटे मांडले. वळून बघते तर सिद्धम्मानंही गाठोडं सोडलेलं. ताटाएवढ्या कडक भाकऱ्यांची चळत, वर शेंगाची चटणी. तीही दोन घरांची.

"हे काय, सिद्धम्मा? पाहुण्यानं शिदोरी आणावी व्हय?"

"फुकटचं खायची सवय न्हाई आमाला. आधी आमची भाकरी घ्या, मग तुमचे धपाटे खातो."

"आधी धपाटे!"

"आधी भाकरी! मी वयानं मोठी हाय."

"केस पिकले म्हून कुणी मोठं व्हत न्हाई!"

म्हाताऱ्यांनी घास घेतल्याशिवाय हात लावायची कुणाची टाप नव्हती. लेकरं नुसतीच आवंढे गिळत बसली. वीरेश हळूच म्हणाला, "हॉटेलात जाऊ का?"

"गप बस!" दोघी एकदम कडाडल्या.

तेवढ्यात वानरं उतरली. धपाटे बघता बघता झाडावर गेले. एका वानरानं कडक भाकरीचा लचका तोडायला बघितलं, भाकरीकडं बघितलं, सिद्धम्माकडं बघितलं आणि भाकरी खाली ठेवून दिली.

"वानराचे बी दात हरले," नागाबाई बोलली खरी, पण धपाट्यांची परात रिकामी झाली होती. आता उरली ती पाहुणीचीच भाकरी. आपल्या मुलखात पाहुणीच्या पदरचं खायचं? त्यापेक्षा उपाशी मेलेलं बरं. पण नातवंडांची तोंडं सुकून चालली होती.

मग तिचं लक्ष डब्याकडं गेलं. वानरानं गडगडत नेऊन सोडून दिला होता; कडी काही हलली नव्हती. तिनं परातीत भाकऱ्या कुस्करल्या, दही ओतलं, चटणी कालवली आणि चांगलं भिजू दिलं. पहिलं ताट सिद्धम्मापुढं.

"जेवा. भाकरी तुमची आसंल, पर मऊ केली माझ्या दह्यानं. जेवलात तुमी माझ्याकडंच."

सिद्धम्मा बोटं चाटून पुसून म्हणाली, "दही आंबट व्हतं. चटणीनं तारलं."

"आई, मोबाईलात जेवण कुणाच्या नावावर टाकू?" व्यंकटनं विचारलं.

"वानराच्या टाक!"

परतताना सिद्धम्मानं डबा धुऊनपुसून हातात दिला. जड लागला. नागाबाईनं कडी काढली, तर गाठोड्यातली उरलेली शेंगाची चटणी काठोकाठ भरलेली. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, हे तर तीच सुनांच्या कानीकपाळी ओरडत आली होती.

जीपमध्ये ती डबा मांडीवर घेऊन बराच वेळ फुरंगटून बसली.

"व्यंकट," शेवटी ती दरडावून म्हणाली, "उदगीरला बघण्यासारखं काय हाय रे?"