साखरेची अकरा पोती

मित्रांनो, मी एक जुनी हातगाडी आहे. सांगते ती गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालची. त्या साली बाजाराच्या रस्त्यावर नऊ दिवस कंबरभर पाणी होतं.

तसं पाणी आम्हाला नवं नव्हतं. नदी दर वर्षी रस्त्यावर यायची आणि साहेब लोकांना दर वर्षी त्याचं नवल वाटायचं. म्हणून तर मला घडवताना सुताराने माझी चाकं इतर गाड्यांपेक्षा वीतभर उंच केली. लोहाराने चाकांवर लोखंडी धाव चढवली आणि म्हणाला, "पोरी, तू गाडी कमी आणि होडी जास्त!" त्या एका कौतुकावर मी बरीच वर्षं काढली.

मला ओढायचा एक हमाल. पाणी चढलं की त्याची बायको हातात बांबू घेऊन माझ्यापुढे दहा पावलं चालायची. गढूळ पाण्याखाली खड्डा कुठे, गटार कुठे, ते बांबूने चाचपायची आणि मागे न बघता ओरडायची, "डावीकडे घ्या!" बाजारात तिला सगळे पुढारीण म्हणायचे. खरे पुढारी पाणी ओसरल्यावर यायचे. आम्ही धान्य नेलं, रॉकेलचे डबे नेले, शाळेची बाकं नेली, बाळंतिणी नेल्या. माझं चाक एकदाही खड्ड्यात गेलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी किराणा दुकानदाराने गोदामातली साखर हलवायला काढली. टेकडीवर दवाखान्याशेजारी त्याची आणखी एक खोली होती, तिथे न्यायची. अकरा पोती माझ्यावर चढली आणि तेवढ्यात शिंपी धावत आला, म्हणजे पाण्यात जेवढं धावता येतं तेवढं. पाठीवर म्हातारी आई. कपाटाखालून भिजलेली कापडं काढताना तिला साप चावला होता.

"दादा, दवाखान्यात पोचवा हो. तासाभरात औषध टोचलं तर वाचेल म्हणतात."

पुढारीण लगेच म्हणाली, "शेठ, पोती उतरवू. आजींना सोडून असे परत येतो."

"उतरवून ठेवू कुठे? माझ्या डोक्यावर?" दुकानदार म्हणाला. "तिलाही तिकडेच जायचंय, साखरेलाही तिकडेच. बसवा की वर!"

हमालाचं वर्षभराचं काम त्याच्याकडे, म्हणून हमाल गप्प. शिंप्याचं मशीन त्याच्याच गाळ्यात, म्हणून शिंपीही गप्प. गाडीला कोण विचारतो? म्हातारीला पोत्यांवर बसवलं.

"जन्मभर बिनसाखरेचा चहा प्यायले," ती म्हणाली, "आणि आज बघा, बसलेय कशावर!" सगळे हसले. तिचा पाय तेव्हा गुडघ्यापर्यंत सुजला होता.

चौकात समोरून पाण्याचा लोंढा लागला आणि मी हलेना. हमाल दांडीला, शिंपी चाकाला, तरी हलेना. नुसत्या म्हातारीला मी हसत नेलं असतं.

"अगं, तू मागे ये, रेटा लाव," हमाल म्हणाला.

"मग पुढे कोण?"

"रस्ता पाठ आहे मला. ये लवकर, आजी डोळे मिटायला लागल्या."

तिने बांबू पोत्यांवर टाकला आणि मागे आली. मी हलले. विसेक पावलं गेले असेन. दुकानदाराच्या दुकानासमोर माझं डावं चाक खाली गेलं. चाकाचे आरे ताडताड मोडले, पोती घसरली आणि हमालाचा पाय दांडीखाली सापडला. म्हातारीला पुढारणीने वरच्यावर झेललं.

शिंपी आईला घेऊन तसाच निघाला असता. पण आईच म्हणाली, "आधी त्याचा पाय काढ, बाबा. तो बुडेल."

पाय निघायला फार वेळ गेला. मग शिंप्याने आईला पाठीवर घेतलं आणि चालू लागला. दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत ती त्याच्याशी बोलत होती म्हणे. आत नेलं तेव्हा बोलत नव्हती.

दुकानदार आला तो "माझी साखर!" करतच. मग त्याने खड्डा पाहिला.

"हं, ते गटाराचं झाकण पहाटे मीच काढायला लावलं," तो म्हणाला. "दुकानातलं पाणी जायला नको? सांगायचं राहिलं. पण तुम्ही तर नेहमी चाचपत जाता ना?"

 पुढारीण नवऱ्याला माझ्या कललेल्या फळीवर टेकवून त्याचा पाय बांधत होती.

दुकानदार पुढे निवडून आला. आता पूर आला की ट्रॅक्टरवर उभा राहून पाहणी करतो. शिंपी मशीन घेऊन दुसऱ्या गावी गेला, त्याचं कधी पत्र आलं नाही. हमालाचा पाय सरळ झालाच नाही. आठ वर्षं खाटेवर काढून तो गेला. त्याची बायको त्याच दवाखान्यात फरशी पुसायला लागली. तिला पुढारीण म्हणणारं आता कोणी उरलं नाही. मी बाजारामागच्या भिंतीला एका चाकावर टेकून आहे.

मित्रांनो, मला रंग लावा, चाक बसवा, असं मी म्हणणार नाही. माझं काय, मी लाकूड. पण पोत्यांवर कोणी जिवंत माणूस चढवत असेल, तर तुम्ही तरी गप्प राहू नका. ओरडा, भांडा, पोती खाली ओढा. त्या सकाळी तिथे धडधाकट चार माणसं होती. पोती उतरवायला पाच मिनिटं लागली असती. आणि गोदामाचा ओटा दुपारपर्यंत कोरडा होता.