लार्च फ्लॅटवर काही नाही

"बरोबर लहान मुलं आहेत. या सातांतलं सगळ्यात चांगलं कुठलं, तेवढं सांगा," गल्ल्यासमोरचा माणूस म्हणाला आणि काचेखालच्या नकाशावर त्यानं आपलं ओलं कोपर टेकवलं.

नकाशावर सात लाल ठिपके आहेत. सात स्नो-पार्क. डोंगरात रस्त्याच्या कडेला सरकार बर्फ काढून गाड्या उभ्या करायला जागा करून देतं, तिथून पुढं तुम्ही घसरा, चाला, नाहीतर पडा. गाडीच्या काचेला लावायचा परवाना आमच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि तो विकायला गेली बावीस वर्षं मी बसते. हिवाळ्यात शनिवारी सकाळी सातपासून घाटापलीकडच्यांची रांग लागते. सिएटलला नुसता पाऊस, म्हणून यांना आमचा बर्फ हवा असतो.

"बेल हिल," मी म्हटलं. "उतार मस्त आहे."

"आणि हे?" त्यानं नेमकं सातव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "लार्च फ्लॅट. हे तर जवळ दिसतंय."

"तिथं काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. सपाट आहे सगळं. वारा झोंबतो. संडास निम्मा वेळ बंद. मुलं रडतील तुमची."

त्याच्या बायकोनं मागून बाही ओढली. "चल ना, बेल हिललाच जाऊ." परवाना घेऊन मंडळी गेली.

दुकानाचा मालक ड्वेन शिडीवर चढून बर्फाची फावडी टांगत होता. "अर्डिस, तू सरळ नरकात जाणार बघ," तो वरूनच म्हणाला.

"जाईन की. तिथं पार्किंग नसलं म्हणजे झालं."

मला या लोकांची किळस येते. आडून आडून बोलायची माझी सवय नाही, म्हणून सांगून टाकते. दर सोमवारी चर्चच्या आम्ही चौघी पोती घेऊन बेल हिल साफ करायला जातो. प्लास्टिकच्या घसरगाड्या मोडल्या की हे लोक जागेवर टाकून देतात, लाल-निळे तुकडे उतारभर पसरलेले असतात. पोराचं हगीस झाडाच्या बुंध्याशी बर्फात दाबून ठेवतात, वर दोन मुठी बर्फ टाकतात, की झालं. आणि कुत्र्याची घाण तर बघण्यासारखी. ती नीट पिशवीत भरतात, पिशवीला गाठ मारतात आणि ख्रिसमसच्या झाडाला काही लावावं तशी फांदीला अडकवून निघून जातात. म्हणजे वाकून उचलण्याइतके सज्जन आणि गाडीपर्यंत नेण्याइतके नाहीत. अशा सतरा पिशव्या मी एका सोमवारी खाली काढल्या आणि घरी येऊन जेवले नाही.

म्हणून लार्च फ्लॅटबद्दल खोटं बोलायचं. ही थाप माझी एकटीची नव्हे, गावाची आहे. पेट्रोल पंपावर विचाराल तर सांगतील तिथं वारा आहे, कॅफेत विचाराल तर सांगतील तिथं जाऊन काय करणार. शिवाय तिथं फाटकाशी लाकडी पेटीत एक वही ठेवलेली असते, आलेल्यानं नाव लिहायचं. आमच्या गावातल्या कुणी त्या वहीत आजवर नाव लिहिलेलं नाही. आपल्याच जंगलात आलो हे सरकारला लिहून कशाला द्यायचं, हे आमच्या वाडवडिलांपासूनचं आहे. कुणी लिहिताना दिसला तर चार दिवस त्याची टर उडते.

माझा नवरा ओरिन सव्वीस वर्षं या रस्त्यावर बर्फ काढायची गाडी चालवायचा. सातही पार्क तोच मोकळे करायचा, लार्च फ्लॅट सगळ्यात शेवटी, आणि मग तिथंच गाडी बंद करून डबा खायचा. तीन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि शब्दही गेले. राहिले ते मोजके, तेही एकेक करून, वाट बघायला लावून येतात.

गुरुवारी मला सुट्टी. त्या दिवशी मी त्याला लार्च फ्लॅटला नेते. त्याच्या आजीचा स्पार्क आहे आमच्याकडे. नॉर्वेहून आलेल्या घरांतून अजून असतो तो. लाकडी खुर्ची, तिच्याखाली दोन लांब लोखंडी पट्ट्या. बसणारा बसतो, मागच्यानं एका पट्टीवर उभं राहून दुसऱ्या पायानं जमीन ढकलायची. पण तो चालतो फक्त सपाटीवर, दाबलेल्या बर्फावर. लार्च फ्लॅटला ओढ्याकाठानं दोन मैल अशी वाट आहे. बाकी सहा ठिकाणी एकतर उतार, नाहीतर बर्फावरच्या मोटारींचा धूर आणि खड्डे. घरी ओरिन भिंतीकडे बघत बसतो. तिथं तो बर्फाकडे बघतो, आणि बघतो ते धंद्यातल्या माणसासारखं. वाऱ्यानं कुठं ढीग लावलाय, कुठं खालून पाणी आहे, ते डाव्या हातानं मला दाखवतो. डोंगरात त्याच्यासाठी एवढी एकच जागा उरली आहे.

जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी एक सरकारी माणूस दुकानात आला. वेंडेल पाइक नाव, काखेत फाईल, टोपी काढून बोलणारा. मला तर तो आवडलाही.

"परवाने विकता त्या बाई तुम्हीच ना?" त्यानं विचारलं. "तुमचे आभार मानायचे होते."

"कशाबद्दल?"

"आमची बर्फ काढायची एक गाडी कमी झालीय. पुढच्या हिवाळ्यापासून सहाच पार्क उघडे ठेवता येतील. सातातलं कुठलं बंद करायचं, हा प्रश्न होता. तो तुमच्यामुळं सुटला."

त्यानं फाईल उघडली.

"लार्च फ्लॅटच्या वहीत अख्ख्या मोसमात नऊ नावं. रस्त्यावर गाड्या मोजायची रबरी नळी टाकलीय, तीही जेमतेम हलते. तरी म्हटलं, लोकांना विचारून बघू. बेल हिलला दोन दिवस उभा राहिलो. तुम्ही लार्च फ्लॅटला का जात नाही? तर ज्याला विचारावं तो म्हणतो, दुकानातल्या बाई म्हणाल्या तिथं काही नाही." तो मनापासून हसला. "स्थानिक माणसाच्या मताइतकं आम्हाला दुसरं काही उपयोगी पडत नाही बघा."

शिडीवरचा ड्वेन दोन पायऱ्या उतरून ऐकायला लागला होता.

"ठरलं का ते?" मी विचारलं.

"मार्चअखेर आकडे वरच्या ऑफिसात जातात. तोवर तिथं गर्दी दिसली तर गोष्ट वेगळी. पण आता तिथं कोण जाणार?"

तो गेल्यावर ड्वेन खाली उतरला. "आपण खोटी नावं लिहू वहीत," तो म्हणाला. "माझ्या मेलेल्या काकांपासून सुरुवात करू."

"आणि नळी? तिच्यावरून तुझे काका जाणार आहेत का?"

दोन दिवस मी गावभर फोन केले. सगळे हळहळले, सगळे येतो म्हणाले. शनिवारी सुट्टी काढून मी स्वतः जाऊन उभी राहिले तर पाच गाड्या आल्या, त्यातल्या दोघांनी वही बघून नाक मुरडलं आणि नाव न लिहिताच पुढं गेले. गावाचाही मला तेव्हा तितकाच वीट आला. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला आणि वर ताठा तसाच.

त्या संध्याकाळी ओरिन वाटाण्याचं सूप पीत होता तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. इतकी वर्षं गल्ल्यावर मी काय सांगत आले, ते त्याच्यापाशी मी कधी काढलं नव्हतं. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. चमचा खाली ठेवला.

"सांग," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"त्यांना. सगळ्यांना."

"ओरिन, तू बेल हिल बघितलेलं नाहीस तीन वर्षांत. तिथंही ते हगून ठेवतील. आपल्याला जायला जागा राहणार नाही."

त्यानं बराच वेळ घेतला. ओठ हलत होते, मी मध्ये शब्द सुचवला नाही. त्याला ते आवडत नाही.

"मी काढायचो," तो म्हणाला. "बर्फ. सगळ्यांसाठी."

मी भांडी घासायला उठले. मला त्याचा राग आला होता. सव्वीस वर्षं त्यानं पहाटे उठून ज्यांच्यासाठी रस्ता मोकळा केला, त्यांतल्या एकानं तरी तो आजारी पडल्यावर तो कुठं गेला म्हणून विचारलं होतं का, हे त्याला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. त्याचं उत्तर मला माहीत होतं, आणि पुढच्या हिवाळ्यात बंद पडलेल्या रस्त्यापलीकडे दहा फूट बर्फाखाली ती वाट असणार आणि हा भिंतीकडे बघत बसणार, हेही माहीत होतं.

पुढच्या शनिवारी पहिलंच जोडपं आलं. कुठं जावं म्हणाले.

"लार्च फ्लॅट," मी म्हटलं.

ड्वेन फावड्यांपाशी थांबून माझ्याकडे बघायला लागला.

"तिथं काय आहे?" बाईनं विचारलं.

"सपाट आहे, मुलं पडत नाहीत. दोन्हीकडे डोंगर, त्यामुळं वारा लागत नाही. संडास स्वच्छ. ओढ्याकाठानं वाट आहे, एवढी शांत वाट तुम्हाला दुसरीकडे मिळायची नाही. आणि तिथल्या वहीत नाव मात्र नक्की लिहा."

बावीस वर्षांत त्या गल्ल्यावर मी पहिल्यांदा खरं बोलत होते, आणि दर वाक्यामागं मला थुंकावंसं वाटत होतं. त्या दिवशी मी हे तीस-चाळीस वेळा बोलले. फेब्रुवारीभर बोलले. माझं बोलणं इतकं गोड झालं की ड्वेन म्हणाला, तुला टीव्हीवर बसवायला पाहिजे.

शाळांच्या हिवाळी सुट्टीच्या आठवड्यात, गुरुवारी, मी ओरिनला घेऊन गेले. मधले दोन गुरुवार त्याला ताप होता, त्यामुळं तोवर मी तिकडं फिरकले नव्हते. फाटकाच्या अर्धा मैल अलीकडूनच गाड्या लागलेल्या होत्या. कशीबशी बर्फाच्या ढिगाला खेटून जागा मिळाली. स्पार्क काढला, ओरिनला बसवलं, पायांवर घोंगडी टाकली. त्यानं कामावरचं जुनं नारिंगी जाकीट घातलं होतं, चमकत्या पट्ट्यांचं. डाव्या हातानं घालता येईल असं तेवढं एकच आहे.

कुणाच्या तरी गाडीतून ढणढण गाणी चालली होती. गाडीच्या मागं शेगडी मांडून सॉसेज भाजत होते, त्याचं तेल बर्फावर सांडलं होतं. संडासापुढं रांग, आणि ज्यांना रांग नको होती त्यांनी मागचा बर्फ पिवळा करून ठेवला होता. पहिल्याच लार्चच्या झाडाला, पानगळीनं उघड्या पडलेल्या फांदीला, गाठ मारलेली पिशवी लोंबत होती. हे सगळे माझ्या शब्दावर आले होते.

मी वही उघडली. पानंच्या पानं भरली होती, पेन्सिल बोटभर उरली होती. शेवटच्या नावाखाली मी लिहिलं, अर्डिस आणि ओरिन ट्वेट, माणसं दोन. माझ्या बापानं बघितलं असतं तर घरात घेतलं नसतं.

वाटेवर पोरांनी खड्डे खणले होते. ते चुकवत मी स्पार्क ढकलत राहिले. थोडं पुढं गेल्यावर ओरिननं डावा हात वर केला. थांब. कडेला निळ्या घसरगाडीचा तुकडा पडला होता. त्यानं बोट दाखवलं. मी तो उचलून त्याच्या हातात दिला, त्यानं तो घोंगडीवर मांडीत ठेवला. पुढं पुन्हा हात. हात गरम करायची रिकामी पाकिटं. मग एक बाटली. मग फाटका मोजा.

"राहू दे ना, ओरिन," मी म्हटलं. "फिरायला आलोय आपण."

तो बोट दाखवत राहिला. आज त्यानं एकदाही बर्फाकडे बघितलं नाही, फक्त त्यावर पडलेल्या घाणीकडे बघितलं. मला त्या लोकांची शिसारी आली, थोडी त्याचीही आली, आणि सगळ्यात जास्त माझी. ओढ्याच्या वळणापर्यंत त्याची मांडी भरली. तिथून आम्ही परत फिरलो, वाट अजून मैलभर होती तरी.

फाटकाजवळ एक बाई समोरून आली. पांढरं महागडं जाकीट, थंडीनं लाल झालेलं नाक, चेहरा भला होता. ती ओरिनसमोर थांबली, त्याच्या जाकिटाकडे आणि मांडीतल्या ढिगाकडे बघून खुलली.

"अरे वा, कचरा गोळा करायला माणूस ठेवलाय तुम्ही. किती छान," ती म्हणाली आणि हातातला कागदी पेला तिनं त्याच्या मांडीवर ठेवला. "थँक्यू हं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय सुंदर जागा आहे ही. आम्ही बेल हिलला जाणार होतो, पण खालच्या दुकानातल्या बाईंनी इकडे पाठवलं."

तिनं दुकानात मला टोपीशिवाय बघितलं असणार, म्हणून आता ओळखलं नाही. मी तोंड उघडलं. माझ्याकडे बोलायला काय काय होतं, ते सगळं एकदम जिभेवर आलं.

ओरिननं डावा हात उचलला. समोरून गाडी आली की बर्फगाडीच्या खिडकीतून तो उचलायचा, तसाच, खांद्यापर्यंत. आणि तिला मान लववली. बाई हसली आणि पुढं गेली.

पेल्यात कोको निम्मा शिल्लक होता. वाटेतल्या पहिल्याच खड्ड्यात तो हिंदकळला, तसा ओरिननं तो चांगल्या हातात घेतला आणि खाली बर्फावर थेंब पडू नये म्हणून गाडीपर्यंत सरळ धरून ठेवला.