गादी आहे ना!

“एवढी मशीनची गादी आणली, तरी आईले जखम झालीच काहून? भंगारात देऊन टाकतो हिले!” शेखरभाऊ माझ्या अगदी उशाशी पुटपुटले. गादीला कान नसतात म्हणे. पण माणूस अंगावर निजवून घेणाऱ्याला सगळं ऐकू येतं.

मित्रांनो, मी एक जुनी हवेची गादी आहे. पायथ्याशी टांगलेला पंप गुरगुरला, की माझ्या नळ्या एकाआड एक फुगतात आणि बसतात. त्यामुळे खिळून पडलेल्या माणसाच्या अंगावरचा दाब थोडा हलता राहतो. थोडाच हं. हा ‘थोडाच’ लक्षात ठेवा.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, तसे मोठ्या बंगल्यांत म्हातारी माणसं एकेकटी उरू लागली. त्यांची सेवा शिकवणारं एक केंद्र समता कॉलोनीत निघालं. माझी पहिली नोकरी तिथली. पद्मिनीदीदी शिकवायच्या. नव्या बाईच्या हाती पुस्तक देण्याआधी त्या तिला माझ्यावर निजवायच्या. “दोन तास. हलायचं नाही. नाक खाजलं तरी नाही!” खिदळत आडव्या झालेल्या बाया अर्ध्या तासात गप्प व्हायच्या. भनपुरीची शांता तर विसाव्या मिनिटालाच उठून बसली.

“दीदी, कंबर गेली माझी!”

“तुले उठता आलं. ज्याले येत नाही, त्याची कूस दर दोन तासांनी तू बदलायची. गादी असली तरी.”

“हव दीदी.”

माझ्यासमोर माझी लायकी काढणाऱ्या त्या एकट्याच. आणि खरं सांगणाऱ्याही.

पुढे केंद्रात नवी गादी आली आणि मी तात्यापारा मोहल्ल्यात गेले, शेखरभाऊंच्या घरी. त्यांच्या आईची, गोदावरीबाईंची, उजवी बाजू लकव्याने गेलेली. जीभही जड. शांता तिथेच उमेदवारीला आली. सहा महिने नीट काढले, की दीदींची सही आणि तिच्या घरातलं पहिलं प्रमाणपत्र. भिंतीवर तक्ता लागला: आठ वाजता डावी कूस, दहाला पाठ, बाराला उजवी. कूस बदलली की खूण करायची.

दोन महिने शांताने एकही पलटी चुकवली नाही. पण कूस बदलताना गोदावरीबाई कण्हायच्या, आणि मंजिरीवहिनींना, सुनेला, ते ऐकवत नसे. “आत्ता कुठे डोळा लागला त्यांचा. काहून उठवून राहिली? गादी आहे ना!” शांताचा हात आखडला. आधी दुपारची पलटी गेली, मग संध्याकाळची, मग सगळ्याच. तक्त्यावर खूण मात्र पडत राहिली. शांताची, तिच्या सुट्टीला वहिनींची. दुष्ट कोणीच नव्हतं, मित्रांनो. सगळ्यांना त्या जिवाला निजू द्यायचं होतं. मी त्याच जागी तीच हाडं पेलत राहिले. मला ओरडता येत नाही, नुसतं गुरगुरता येतं. माझ्या गुरगुरण्याने तर सगळ्यांना छान झोप लागायची.

सहा महिने भरले त्या सकाळी दीदी आल्या. त्यांनी गोदावरीबाईंना कुशीवर वळवलं. माकडहाडावर लालभडक, ओली जखम! शेखरभाऊ काय म्हणाले, ते तुम्ही ऐकलंच आहे.

दीदींनी माझ्याखाली तळहात घालून हवा पुरेशी आहे का ते पाहिलं. “गादी ठीक आहे.” मग तक्ता वाचला, वरून खालपर्यंत. “एकही खूण सुटली नाही इथे.” शेखरभाऊ कूलरमध्ये पाणी आहे का ते बघू लागले. वहिनींनी घडी घातलेली चादर पुन्हा उलगडून घडी घातली.

भंगाराची मला भीती नाही. पण मी गेले तर नवी गादी येईल, आणि खुणा तशाच पडत राहतील. मित्रांनो, मोठे झालात आणि घरात कोणी खिळून पडलं, तर गादी जरूर आणा. पण हातही लावा.

दीदींनी शांताचा कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं. “करू सही?”

गोदावरीबाईंचा डावा हात माझ्या कडेवरून चाचपडत शांताच्या पदराशी आला. शांताने तो धरला.

“नका करू, दीदी. खुणा खोट्या आहेत. आम्ही आजीले पलटवलंच नाही.”